लॅम रिसर्च: चिप बनवायची मशिनं करणारी कंपनी, सप्टेंबर २०२५ च्या भावात घ्यावी का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. एआय आलं तसं आपल्या गटात सगळी चर्चा चिप विकणाऱ्या कंपन्यांची चाललीय, एनव्हिडिया घेतला का, कितीला घेतला, विकू का ठेवू. त्या चिपा ज्या मशिनवर तयार होतात त्या मशिनवाल्यांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून हा धागा काढतोय. मोठ्या कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या आहेत, नेदरलँडची एएसएमएल, अमेरिकेच्या अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्च आणि केएलए, जपानची टोकियो इलेक्ट्रॉन. यातली मी लॅम निवडलीय कारण तिचं काम समजायला त्यातल्या त्यात सोपं आहे आणि आकडे तर इतके वरखाली झालेत की शिकायला भरपूर मिळतं.

थोडक्यात ओळख. १९८० साली डेव्हिड लॅम यांनी काढली, १९८४ ला शेअर बाजारात आली, मुख्यालय कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट. मुख्य काम एचिंग, म्हणजे वेफरवरचा (चिपा ज्या सिलिकॉनच्या चकतीवर बनतात तिच्यावरचा) नको तो थर प्लाझ्मानं, म्हणजे विद्युतभारित वायूनं, कोरून काढणं. २०१२ मध्ये नोव्हेलस कंपनी घेतली, तेव्हापासून थर चढवायची मशिनं पण जोरात. जून २०२५ ला संपलेल्या वर्षात विक्री १८.४४ अब्ज डॉलर, निव्वळ नफा ५.३६ अब्ज. आर्थिक वर्ष जूनला संपतं हे लक्षात ठेवा नाहीतर आकडे जुळवताना गोंधळ होतो.

आता मला जे सांगायचंय ते. डिसेंबर २०२२ च्या तिमाहीत विक्री होती ५.२८ अब्ज. पुढच्या दोनच तिमाहींत, म्हणजे जून २०२३ ला, ती ३.२१ वर आली. जवळजवळ ४०% गेली. मेमरीवाल्यांनी (मेमरी चिपा बनवणाऱ्यांनी) खर्च थांबवला आणि लॅमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मेमरीवालेच. आणि जून २०२५ च्या तिमाहीत विक्री ५.१७ अब्ज, म्हणजे एवढा एआयचा गाजावाजा होऊनसुद्धा अडीच वर्षांपूर्वीचा तिमाही आकडा तेव्हापर्यंत ओलांडलेला नव्हता. भाव मात्र बघा, डिसेंबर २०२२ च्या शेवटी ४२० डॉलरच्या आसपास होता, ऑक्टोबर २०२४ ला एका शेअरचे दहा झाले म्हणजे आजच्या हिशोबात ४२, आणि सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला शंभरच्या आसपास होता.

विक्री तेवढीच आणि भाव दुप्पट-अडीचपट. हे का झालं आणि पुढं टिकेल का, एवढ्यावरच बोलूया. टार्गेट किती, स्टॉपलॉस कुठं, हे इथं नको.

विटेकर_गलाईवाला (विटा)

दादा एवढं वाचत बसण्यापेक्षा सोनं घेतलेलं काय वाईट? आमच्या गावातली अर्धी माणसं सोन्या-चांदीच्या गलाईवर देशभर पोट भरत्यात, कुणाला चिप म्हायती नाय. पण धागा वाचतोय, चालू ठेवा.

बेदाणेवाला (तासगाव)

कृष्णाकाठ, आकडे चांगले मांडलेत पण मला या धंद्याची भीती वाटते ती सांगतो. द्राक्षाला दर मिळाला की सगळे नवीन बाग लावतात, त्या सगळ्या बागा एकदम धरायला लागतात आणि मग बेदाण्याचा दर बसतो, हे आम्ही तासगाव मार्केटला बघत आलोय. चिपवाले पण तेच करतात. दर चढला की सगळे एकदम फॅब (चिपांचे कारखाने) बांधायला घेतात आणि मशिनवाल्याकडं रांग लागते, दर पडला की सगळे एकदम थांबतात. मशिनवाला या सगळ्याच्या शेवटच्या टोकाला बसलेला असतो, त्याला झटका सगळ्यात जास्त.

मी जुने निकाल काढून बघितले. जून २००८ ला संपलेल्या वर्षात लॅमची विक्री २.४७ अब्ज, पुढच्या वर्षी १.१२. निम्म्याहून खाली. आणि नफ्याच्या जागी ३०० मिलियनच्या वर तोटा. अप्लाइड मटेरियल्सचं पण तसंच, २००८ ला ८.१ अब्ज विक्री, २००९ ला ५ अब्ज आणि तोटा. त्याच अप्लाइडचा २००० साली जो उच्चांकी भाव होता तो पुन्हा बघायला सतरा-एक वर्षं लागली. त्या काळात कंपनी काय वाईट झाली नव्हती, मशिनं विकत होती, जगात पहिल्या दोनात होती. ज्यानं तेव्हा घेतला त्यानं नुसता भाव चुकीचा दिला होता. म्हणून मला कंपनी चांगली आहे हे सांगू नका, भाव बरोबर आहे का ते सांगा.

वालचंद_९८ (सध्या सिंगापूर, घर विश्रामबाग)

मी फॅबमध्ये एच प्रोसेसवर बरीच वर्षं काढलीत म्हणून मशिनच्या बाजूनं लिहितो, शेअरचं मला तुमच्याएवढं कळत नाही.

आपल्या मोबाईलमधली साठवणुकीची मेमरी, नँड म्हणतात ती, पूर्वी सपाट असायची. आता मजल्यावर मजले चढवतात, दोनशेच्या वर थर झालेत. हे सगळे थर चढवून झाले की वरून खालपर्यंत आरपार भोकं पाडायची असतात, एका वेफरवर अब्जावधी. भोकाची खोली रुंदीच्या पन्नासपट किंवा त्याहून जास्त. आणि वर जेवढं रुंद तेवढंच तळाला पाहिजे, मध्ये कुठं फुगलं किंवा वाकलं तर ती मेमरी गेली. हे काम प्लाझ्मामधल्या आयनांनी होतं, ड्रिलनं नाही. जितके मजले जास्त तितकं हे एचिंग अवघड आणि तितका वेळ मशिन जास्त अडकणार, म्हणजे तेवढ्याच वेफरला मशिनं जास्त लागणार. लॅमचा सगळा जोर या एका गोष्टीवर उभा आहे. एएसएमएलला चिप बारीक होण्याचा फायदा मिळतो, लॅमला चिप उंच होण्याचा.

एआयच्या चिपेशेजारी जी एचबीएम नावाची वेगवान मेमरी बसते तिच्यात पण डीरॅमचे (चालू कामाच्या मेमरीचे) थर एकावर एक ठेवून सिलिकॉनमधून आरपार तांब्याचे खांब काढतात. ते भोक पाडायचं आणि त्यात तांबं भरायचं या दोन्ही मशिनींमध्ये लॅम पुढं आहे. तेव्हा एआयचा फायदा नाही असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही, फक्त तो एनव्हिडियासारखा एका वर्षात दिसत नाही.

दुसरी गोष्ट, फॅबमध्ये एकदा एखादी स्टेप एखाद्या मशिनवर बसली की ती सहज बदलत नाहीत. गॅसचं प्रमाण, दाब, तापमान, वीज, सगळी रेसिपी त्या चेंबरवर (मशिनमधल्या बंद कप्प्यावर) महिनोन्महिने घासून बसवलेली असते आणि दुसऱ्या कंपनीचं मशिन थोडं स्वस्त मिळतंय म्हणून उत्पादनाची लाईन कुणी हलवत नाही. बदलायची संधी पुढच्या पिढीची चिप येते तेव्हाच असते. म्हणून प्रतिस्पर्ध्यांची खरी मारामारी विक्रीच्या आकड्यात दिसते त्याच्या दोन-तीन वर्षं आधी प्रयोगशाळेत झालेली असते.

कृष्णाकाठ

वालचंदसाहेब, सोन्यासारखी माहिती दिलीत. बेदाणेवाले, तुमच्याच प्रश्नाकडं येतो.

सायक्लिकल (चढउताराच्या धंद्याचा) शेअर म्हटलं की सगळे एकच सांगतात, पीई (भाव नफ्याच्या किती पट तो आकडा) कमी दिसला की सापळा समजा, कारण नफा टोकाला असतो. मी लॅमला हे लावून बघितलं तर चित्र जरा वेगळं निघालं. जानेवारी २०२२ ला भाव गेला होता ७३० पर्यंत (हे सगळे भाव एकाचे दहा व्हायच्या आधीचे), तेव्हा पीई चोवीसच्या आसपास. ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेनं चीनला मशिनं विकण्यावर निर्बंध घातले, लॅमनं सांगितलं की २०२३ मध्ये दोन ते अडीच अब्ज डॉलरची विक्री जाईल, भाव ३०० वर आला. शेवटच्या वर्षाचा नफा शेअरमागे ३२.७५ होता म्हणजे पीई नऊ-साडेनऊ. सापळा वाटावा असाच आकडा, आणि नफा खरंच पुढं घसरला, २०२४ च्या वर्षात शेअरमागे २९ झाला. पण भाव? जुलै २०२४ मध्ये अकराशेच्या वर. नफा खाली आणि भाव साडेतीनपट.

म्हणजे घसरण जेव्हा निकालात दिसली तेव्हा ती भावात आधीच येऊन गेलेली होती. या धंद्यात भाव नफ्याच्या दोन-तीन तिमाही पुढं चालतो. म्हणून गेल्या वर्षाच्या नफ्यावर काढलेला पीई एकट्यानं काही सांगत नाही, ना महाग ना स्वस्त.

मी काय केलं, चार वर्षांची सरासरी काढली कारण त्यात एक चढ, एक उतार आणि परत चढ येतो. आजच्या शेअरसंख्येच्या हिशोबात २०२२ ला ३.२८, २०२३ ला ३.३२, २०२४ ला २.९०, २०२५ ला ४.१५. सरासरी येते ३.४१. शंभर डॉलर भाव धरला तर सरासरी नफ्याच्या २९ पट. नुसता शेवटच्या वर्षाचा धरला तर २४ पट. यातला खरा आकडा माझ्या मते २९ च्या जवळ आहे आणि तो स्वस्त नाही.

आता मी वर विचारलेला प्रश्न, विक्री तेवढीच असून भाव अडीचपट कसा. तीन कारणं दिसली. ग्रॉस मार्जिन (विक्रीतून माल बनवायचा खर्च जाऊन उरतो तो टक्का) ४५ टक्क्यांवरून ५० वर गेलं, यात मलेशियातल्या पेनांगच्या नव्या कारखान्याचा वाटा आहे असं कंपनी सांगते. बायबॅकनं (कंपनीनं स्वतःचे शेअर परत विकत घेतल्यानं) शेअरची संख्या २०२२ मधल्या १.४ अब्जावरून १.२९ अब्जावर आली. या दोन्हीमुळं तिमाहीचा शेअरमागे नफा १.०७ वरून १.३३ झाला, म्हणजे साधारण २४% वाढ. ही कष्टाची कमाई. बाकीची सगळी वाढ लोक आता जास्त पट द्यायला तयार आहेत म्हणून. ती बाजारानं दिलीय, बाजार परत घेऊ पण शकतो.

कुपवाड_ब्लॉक (कुपवाड एमआयडीसी)

या धाग्यावर लिहायचं नव्हतं पण राहवेना. आमचं छोटं मशिनिंग युनिट आहे, व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर) जॉब करतो. मुख्य काम पंप आणि व्हॉल्व्हचं, पण बेंगळुरूच्या एका व्हेंडरमार्फत चिपच्या मशिनला लागणारे काही पार्ट पण करतो. कुठल्या कंपनीच्या मशिनला जातात ते आम्हाला सांगत नाहीत, ड्रॉइंगवर नुसता नंबर असतो.

काम कसं असतं सांगतो म्हणजे या कंपन्यांना माल द्यायला काय लागतं ते कळेल. ६०६१ ग्रेडच्या अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक येतो तो टेस्ट सर्टिफिकेटसकट, दुसरीकडून घ्यायला परवानगी नाही. त्यातलं बहुतेक मटेरियल चुरा होऊन जातं, उरतो तो पातळ भिंतीचा पार्ट. कूलंट कुठलं वापरायचं ते पण त्यांनीच ठरवलेलं. सील बसतो त्या खोबणीत नख फिरवलं तरी लागू नये एवढा फिनिश पाहिजे, तिथं एक आडवी रेघ दिसली तरी पार्ट बाद कारण व्हॅक्युम गळतो. भिंगाखाली बर (कडेला राहिलेले धातूचे काटे) काढायचे, सीएमएमवर (बारीक मोजमापाच्या मशिनवर) मोजायचं, नायट्राइलचे हातमोजे घालूनच हाताळायचं, उघड्या बोटाचा ठसा उमटला तर परत धुवायला. दोन पिशव्यांत हवाबंद करून पाठवायचं. पहिला पार्ट पास व्हायलाच कितीतरी महिने गेले आणि त्यानंतर साधं टूल जरी बदलायचं असलं तरी लिहून परवानगी घ्यावी लागते.

आणि २०२३ च्या सुरुवातीला मेलवर एक ओळ आली, शेड्यूल रिव्हाइज्ड. पुढच्या महिन्यांचा माल निम्म्यावर आणला. आम्ही मटेरियल घेऊन बसलो होतो, ते अडकलं, त्याचे पैसे आमचेच. कुणी वाईट वागलं असं नाही पण मोठ्याचा झटका खाली येईपर्यंत छोट्याला जोरात बसतो. बेदाणेवाले दादा म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे.

पण एक गोष्ट मी तेव्हा बघितली. नव्या मशिनचे पार्ट थांबले, स्पेअर म्हणून जाणारे पार्ट कमी झाले पण बंद नाही पडले. ते हळू का होईना चालूच राहिले.

कृष्णाकाठ

कुपवाडकर, तुम्ही जे शॉपफ्लोअरवर बघितलं ते निकालात अगदी तसंच दिसतं. लॅम विक्री दोन भागांत देते, मशिनं एका बाजूला आणि कस्टमर सपोर्ट दुसऱ्या बाजूला. डिसेंबर २०२२ ते जून २०२३ मध्ये मशिनं साडेतीन अब्जावरून साधारण १.७ वर आली, निम्मी. सपोर्टचा भाग १.७ वरून १.५. एवढ्या वाईट काळात फक्त दहा-पंधरा टक्क्यांचा फरक. २०२४ च्या अख्ख्या वर्षात सपोर्टची विक्री सहा अब्जाच्या आसपास, म्हणजे एकूण विक्रीच्या ४०%. जगभर लॅमची लाखाच्या आसपास चेंबर बसलेली आहेत आणि त्यांना दरवर्षी काही ना काही लागतंच.

२००९ ला हा पाया एवढा मोठा नव्हता. म्हणून बेदाणेवाले, २००९ सारखं परत होईल का याला माझं उत्तर असं की विक्री पडेल, जोरात पडेल, पण तोट्यात जाणं आता अवघड आहे. २०२३ ला अर्धी मशिनविक्री जाऊनसुद्धा कंपनी प्रत्येक तिमाहीत नफ्यातच होती.

वालचंद_९८

सपोर्टबद्दल एक भर घालतो. चेंबरमध्ये वेफरभोवती एक कडं असतं, सिलिकॉनचं किंवा क्वार्ट्‌झचं, त्याला एज रिंग म्हणतात. प्लाझ्मा वेफर कोरतो तसा हे कडं पण झिजवतो. झिजलं की वेफरच्या कडेच्या चिपा बिघडायला लागतात, म्हणून ठरावीक तासांनी बदलावंच लागतं. फॅब चालू आहे तोपर्यंत हे थांबत नाही, शेअर बाजार काहीही करो.

पण सपोर्टच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्यात चार गोष्टी एकत्र आहेत, स्पेअर, सर्व्हिस, जुन्या मशिनचं अपग्रेड आणि रिलायंट नावाची जुन्या धाटणीच्या मशिनची विक्री. ही रिलायंट म्हणजे शेवटी मशिनविक्रीच, जुन्या पिढीच्या चिपा बनवणाऱ्या फॅबना जाणारी. ती काही एज रिंगसारखी पक्की नाही. कंपनी चारही वेगवेगळे करून देत नाही, त्यामुळं ४०% मधलं खरं टिकाऊ किती हे आपणच जरा हात आखडून धरलेलं बरं.

बेदाणेवाला (तासगाव)

हे मला आवडलं. म्हणजे ४०% च्या जागी तीस धरून चालायचं. आता चीनचं बोला. मला तिथं जास्त काळजी वाटते.

कृष्णाकाठ

चीनचा वाटा २०२३ च्या वर्षात २६% होता, २०२४ ला ४२% झाला. वाचून चांगलं वाटलं असतं पण कारण बघा. बाकीच्या जगानं खरेदी थांबवली होती आणि निर्बंध अजून वाढतील या धास्तीनं चीनच्या कंपन्या मिळेल ते मशिन घेऊन ठेवत होत्या. जून २०२५ च्या तिमाहीत अजून ३५% होता. ही विक्री आज आहे, उद्या वॉशिंग्टनमधून एक आदेश निघाला की नाही. म्हणून मी हिशोब करताना चीनचा वाटा पंचवीसवर येईल असंच धरतो. ते धरूनसुद्धा परवडत असेल तर घ्यायचं.

एएसएमएलचं उदाहरण ताजं आहे. १५ ऑक्टोबर २०२४ ला त्यांचा निकाल चुकून एक दिवस आधी वेबसाईटवर आला, नव्या ऑर्डरी २.६ अब्ज युरो, अपेक्षा त्याच्या दुप्पट होती, शेअर एका दिवसात १६% खाली. जगात ईयूव्ही मशिन (सगळ्यात बारीक चिपा छापायचं) बनवणारी ती एकटी कंपनी आहे, दुसरं दुकानच नाही, तरी हे झालं. मक्तेदारी असली म्हणून भाव पडत नाही असं काही नसतं.

सातारा_पोवईनाका

मी जरा वेगळं विचारतो. परदेशात कशाला जायचं? आपल्याकडं गुजरातेत धोलेऱ्याला टाटांचा फॅब होतोय ९१,००० कोटींचा, साणंदला मायक्रॉन, सीजी, केन्स या कंपन्या, आसामात टाटांचाच अजून एक. सरकार अर्धा खर्च देतंय. मग इथल्याच सेमीकंडक्टर शेअरमध्ये पैसे लावले तर?

कृष्णाकाठ

साताराकर, धोलेऱ्याचा मलाही मनापासून आनंद आहे. पण तुम्ही सांगितलेले सगळे मशिनं विकत घेणारे आहेत, विकणारे नाहीत. साणंद आणि आसामचं काम पॅकेजिंग आणि टेस्टिंगचं, तो वेगळा धंदा, मार्जिन वेगळं. धोलेऱ्यात मशिनं जातील ती याच चार-पाच परदेशी कंपन्यांची, टोकियो इलेक्ट्रॉननं तर टाटांशी करार पण केलाय. फॅबमध्ये लागणारं एचिंगचं मशिन बनवणारी लिस्टेड भारतीय कंपनी माझ्या माहितीत तरी नाही. त्या शेअरांचा धागा स्वतंत्र काढा, मी येतो.

लॅमचं भारतात काम मात्र मोठं आहे. बेंगळुरूला इंजिनिअरिंग सेंटर आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकात १०,००० कोटींच्या वर गुंतवायचं जाहीर केलंय. कुपवाडकरांसारख्यांना त्यातून काम मिळालं तर मला शेअरच्या फायद्यापेक्षा जास्त बरं वाटेल.

कुपवाड_ब्लॉक

काम यायला लागलंय दादा, चौकशा वाढल्यात. पण आमच्याकडं क्लीनरूम नाही, धुण्याचं काम बाहेरून करून घ्यावं लागतं. तो खर्च कुणी एकट्यानं करायचा म्हणजे अवघड आहे. कुपवाड, मिरज, पलूसची चार-पाच युनिटं मिळून एक केली तर जमेल असं आमचं बोलणं चाललंय.

सीए_मिरजकर

सगळ्यांनी कंपनीचं छान लिहिलंय, मी टॅक्सचं लिहिते कारण सगळे लोक तिथंच अडकतात आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये फोन करतात.

पैसे बाहेर पाठवायला एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आपल्याला पुरून उरते. गुंतवणुकीसाठी वर्षात दहा लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर बँक २०% टीसीएस (आगाऊ कर) कापते. तो खर्च नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, पण पैसे तोपर्यंत अडकतात.

शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला तर नफ्यावर १२.५%, आधी विकला तर तुमच्या स्लॅबनं. भारतातल्या शेअरसारखं बारा महिन्यांचं गणित इथं लावू नका. डिव्हिडंडवर अमेरिकेत आधीच २५% कापलं जातं, त्याचं क्रेडिट इथं मिळतं पण त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो (२०२५ मध्ये तो फॉर्म ६७ होता).

सगळ्यात महत्त्वाचं, एक शेअर जरी घेतला तरी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) भरायचं. आयटीआर १ चालणार नाही. त्यातली माहिती कॅलेंडर वर्षाची लागते, जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल-मार्च नाही. नाही भरलं तर काळ्या पैशाच्या कायद्यात दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला दंडातून सूट दिलीय पण भरायचं बंधन तसंच आहे. ज्यांनी गेल्या वर्षी घेतलेत त्यांनी रिटर्नची मुदत संपायच्या आधी बघून घ्या.

आणि घरातल्या कर्त्या माणसांना सांगते, अमेरिकेतले शेअर साठ हजार डॉलरच्या वर गेले आणि मालकाचं काही बरंवाईट झालं तर तिथला इस्टेट टॅक्स (मागं राहिलेल्या मालमत्तेवरचा कर) लागू शकतो. मोठी रक्कम लावणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा.

विटेकर_गलाईवाला

ताई, मग आपल्या म्युच्युअल फंडातून घेतलं तर ही भानगड नाही ना?

सीए_मिरजकर

नाही, फंड भारतातला असेल तर शेड्यूल एफए लागत नाही. नॅस्डॅक १०० (अमेरिकी बाजारातल्या शंभर मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) च्या फंडात लॅम, अप्लाइड, केएलए, एएसएमएल चारही आहेत पण वाटा छोटा. दुसरं म्हणजे फंडांना बाहेर पैसे न्यायला सगळ्यांची मिळून सात अब्ज डॉलरची मर्यादा आहे, त्यामुळं बरेच फंड नवीन पैसे घ्यायचं अधूनमधून बंद करतात आणि ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता येणारा फंड) बाजारात खऱ्या किमतीपेक्षा महाग मिळतो. ईटीएफ घेताना एनएव्ही (फंडाची खरी किंमत) आणि भाव दोन्ही शेजारी ठेवून बघा दादा.

बेदाणेवाला (तासगाव)

ताईंचं लिखाण प्रिंट काढून ठेवतो.

वालचंदसाहेबांना शेवटचा प्रश्न. चीननं स्वतःची मशिनं बनवली तर? आणि टोकियो इलेक्ट्रॉननं लॅमचं ते खोल भोकाचं काम हिसकावून घेतलं तर? माझ्या दृष्टीनं पीईपेक्षा हा धोका मोठा.

वालचंद_९८

दोन्ही धोके खरे आहेत आणि दोन्ही वेगळे.

चीनमध्ये एएमईसी नावाची कंपनी आहे, २००४ ची, संस्थापक पूर्वी लॅम आणि अप्लाइडमध्येच होते. एचिंगमध्ये त्यांना कमी समजू नका. लिथोग्राफीत (प्रकाशानं चिपेचा आराखडा छापण्यात) चीन खूप मागं आहे पण एचिंग आणि थर चढवणं यात त्यांनी वेगानं मजल मारलीय, नौरा नावाची कंपनी पण आहे. निर्बंध आले तसं तिथल्या फॅबना देशी मशिन घेणं भाग पडलं आणि एकदा मशिन लाईनवर बसलं की शिकत जातं. म्हणून मला वाटतं चीनमधला लॅमचा वाटा निर्बंध सैल झाले तरी परत पूर्वीसारखा येणार नाही. कृष्णाकाठ पंचवीस टक्के धरतायत, मी असतो तर त्याहून खाली धरलं असतं.

टोकियो इलेक्ट्रॉनचं म्हणाल तर २०२३ मध्ये त्यांनी खूप कमी तापमानाला एचिंग करायची पद्धत दाखवली, दहा मायक्रॉन खोल भोक ३३ मिनिटांत, चारशे थरांच्या वरच्या नँडसाठी. आमच्या क्षेत्रात तेव्हा खळबळ होती. लॅम पण वेफर गार ठेवून एच करायचं काम आधीपासून करत होती, २०२४ च्या जुलैमध्ये त्यांनी तिसरी पिढी आणली. आता मेमरीवाले पुढच्या पिढीला कुणाला किती स्टेप देतात यावर सगळं आहे. सगळं एकाच्या हातात कुणी देत नाही, दोन पुरवठादार ठेवणं गिऱ्हाइकाच्या फायद्याचं असतं. लॅम एका रात्रीत बाहेर फेकली जाणार नाही पण शंभरातले पंधरा-वीस गेले तर ते दोन वर्षांनी विक्रीत दिसेल.

बेदाणेवाला (तासगाव)

म्हणजे २९ पट देऊन हा धोका घ्यायचा. मी थांबतो बाबा. कृष्णाकाठ, तुमचं काय ठरलं?

कृष्णाकाठ

मी थोडे घेतले, सगळे नाही. सरासरी नफ्याच्या २५ पट म्हणजे ८५ च्या आसपास, तिथं आला तर दुसरा हप्ता आणि वीस पटीला, म्हणजे सत्तरच्या खाली, तिसरा. एप्रिल २०२५ मध्ये आयातशुल्काच्या घबराटीत हा शेअर साठच्या आसपास येऊन गेलाय, तेव्हा हे आकडे काही स्वप्नातले नाहीत. नाही आला तर जेवढे आहेत तेवढे. एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांवर या एका शेअरला जाऊ देणार नाही, कारण एका तिमाहीत ४०% विक्री जाऊ शकणारा धंदा आहे हे मी स्वतःच वर लिहिलंय.

बेदाणेवाला (तासगाव)

एका नाही, दोन तिमाहीत.

कृष्णाकाठ

बरोबर, दोन तिमाहीत.

पुढचे निकाल येतील, सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीला कंपनीनं विक्री ५.२ अब्जाच्या आसपास सांगितली होती. मी विक्रीपेक्षा चीनचा टक्का आणि ग्रॉस मार्जिन दोन्ही एकत्र बघणार आहे. चीनचा टक्का खाली येऊन मार्जिन पन्नासला टिकलं तर मार्जिनची सुधारणा खरी, कारण चीनची गिऱ्हाइकं दर जास्त देतात असं बरेच जण म्हणतात. दोन्ही एकदम खाली आले तर ८५ चा आकडा मी पण खाली आणीन. आणि जानेवारीत तैवानची चिप बनवणारी टीएसएमसी वर्षाचा कॅपेक्स (कारखाने-मशिनांवरचा खर्च) सांगते, जानेवारी २०२५ ला ३८ ते ४२ अब्ज सांगितला होता, सॅमसंग आणि हायनिक्स मेमरीवर किती लावतायत ते पण कळेल. लॅम स्वतः ऑर्डरींचा आकडा देत नाही, एएसएमएल पण २०२६ पासून तिमाही ऑर्डरी सांगणं बंद करतेय, तेव्हा आपल्याला गिऱ्हाइकाच्या तोंडूनच ऐकायला लागणार.

कुपवाडकर, तुमच्याकडं शेड्यूलचा मेल आला तर तो पण इथं टाका, नाव-नंबर काही नको, वाढलं का कमी झालं एवढंच.

कुपवाड_ब्लॉक

टाकतो दादा. सप्टेंबरचं आलंय, नव्या मशिनचे पार्ट वाढवलेत, स्पेअर आहे तेवढेच.